गोंगाटाची ढाल आणि राजधानीचे आकाश

नोव्हेंबर २०२५ चा पहिला पंधरवडा दिल्लीकरांच्या स्मरणात राहील तो १० तारखेच्या सायंकाळी लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ झालेल्या मोटारस्फोटामुळे. त्या स्फोटाच्या धुरात आधीच्या आठवड्यातील दोन बातम्या दिसेनाशा झाल्या. पहिली इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाची. तेथे उतरू पाहणाऱ्या काही विमानांना उपग्रहांकडून मिळणारी स्थानदर्शक माहिती खोटी येत असल्याच्या तक्रारी वैमानिकांनी केल्या होत्या. दुसरी मुंबईची. ९ तारखेला वांद्र्यात 'मातोश्री'लगत एक ड्रोन घिरट्या घालताना दिसला आणि ठाकरे गटाने पाळतीचा आरोप केला. पोलिसांच्या खुलाशानुसार तो ड्रोन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सर्वेक्षणाचा होता, पॉड टॅक्सीच्या प्रकल्पासाठी आणि रीतसर परवानगी घेऊन उडविलेला. पुढे दिल्लीच्या स्फोटाच्या तपासात राष्ट्रीय तपास संस्थेने अटक केलेल्या एका आरोपीवर ड्रोनमध्ये फेरफार करून ते हल्ल्यास योग्य बनविण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवण्यात आला.

या तिन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध असल्याचे कोणी म्हटलेले नाही आणि प्रस्तुत लेखाचेही तसे म्हणणे नाही. परंतु तिन्हींच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच आहे. डोक्यावरून जाणारे यंत्र मित्राचे की शत्रूचे, हे ठरवायचे कोणी? शत्रूचे ठरल्यास ते पाडण्यासाठी आकाशातील संदेशवहन रोखण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्या अधिकाराचा वापर झाला, तर त्याचा हिशेब कोणाकडे द्यायचा?

संसदेचे हिवाळी अधिवेशन १ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले. मतदार याद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीवरून पहिल्याच दिवशी गदारोळ झाला आणि वृत्तपत्रांचे मथळे त्यानेच व्यापले. त्याच दिवशी राज्यसभेच्या पटलावर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एक लेखी उत्तर ठेवले गेले. दिल्लीच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना, उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांनी खोट्या संकेतांची तक्रार केली, त्यांच्यासाठी पर्यायी कार्यपद्धती वापरावी लागली आणि जेथे पारंपरिक जमिनीवरील उपकरणे चालू होती तेथील वाहतुकीला बाधा पोहोचली नाही, अशी कबुली त्यात होती. मुंबई, कोलकाता, अमृतसर, हैदराबाद, बंगळुरू आणि चेन्नई येथूनही अशा व्यत्ययाचे अहवाल येत असल्याचे त्यात म्हटले होते. स्रोत शोधण्याचे काम बिनतारी संदेशांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे सोपविण्यात आले होते. एरवी सरकार पाडणारे प्रश्न मथळ्यांतून कळतात. सरकार चालते कसे, हे मात्र बहुधा अशा लेखी उत्तरांतून कळते.

गदारोळाचे शास्त्र

ड्रोनविरोधी जॅमर नेमके काय करतो, हे समजून घेण्यासाठी संसदेच्या वार्ताहराला फार दूर जावे लागत नाही. सभागृहात गोंधळ सुरू असतो. सदस्य उभा राहून बोलत असतो, त्याचे ओठ हलताना दिसतात. पण पत्रकार कक्षात एक शब्द ऐकू येत नाही. गोंधळ घालणाऱ्यांनी वक्त्याचे तोंड बंद केलेले नसते. त्यांनी ऐकणाऱ्याचे कान निकामी केलेले असतात. जॅमरचे तत्त्व हेच. तो ड्रोन चालविणाऱ्याच्या हातातील नियंत्रकाला हात लावत नाही. ड्रोनमधील ग्राहकयंत्र ज्या कंप्रतेवर कान लावून बसलेले असते, त्याच कंप्रतेवर तो अर्थहीन गोंगाट इतक्या जोराने प्रक्षेपित करतो की खरा आदेश त्यात बुडून जातो.

बाजारात मिळणारे बहुसंख्य ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत आपल्या चालकाशी बोलतात. आपण कोठे आहोत हे त्यांना उपग्रहांकडून कळते. अमेरिकी जीपीएसचा नागरी वापराचा मुख्य संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो. जॅमर यापैकी एक वा अनेक पट्टे एकाच वेळी दाबू शकतो. यात निर्णायक ठरते ते अंतर. बिनतारी लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. समजा चालक ड्रोनपासून २०० मीटरवर आहे आणि जॅमर एक किलोमीटरवर. अंतर पाचपट, म्हणून इतर सर्व बाबी समान धरल्यास चालकाची नुसती बरोबरी करण्यासाठीच जॅमरला पंचवीसपट शक्ती लागेल. याच कारणाने पोलिसांच्या हातात दिसणाऱ्या बंदुकीसारख्या उपकरणाला एका दिशेने रोखता येणारा अँटेना असतो. चहूकडे ओरडण्यापेक्षा एकाच्याच कानात ओरडणे स्वस्त पडते.

उपग्रहाचा संकेत दाबणे मात्र फारच सोपे आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तेथून निघालेला संकेत जमिनीपर्यंत येईतो इतका क्षीण होतो की खिशात मावणारे उपकरणही आसपासच्या परिसरात त्याला झाकून टाकू शकते.

याहून एक पायरी पुढची म्हणजे तोतयेगिरी. तंत्रज्ञ तिला 'स्पूफिंग' म्हणतात. येथे गोंगाट नसतो. खऱ्या उपग्रहासारखाच, पण किंचित प्रबळ असा खोटा संकेत पाठविला जातो आणि ग्राहकयंत्र त्यावर विश्वास ठेवते. पुन्हा संसदेचेच उदाहरण द्यायचे तर गोंगाट म्हणजे सभागृहातील घोषणाबाजी आणि तोतयेगिरी म्हणजे बनावट पक्षादेश. घोषणाबाजीत सदस्याला निदान एवढे तरी कळते की आपल्याला काही ऐकू येत नाही. बनावट पक्षादेश त्याला स्वच्छ ऐकू येतो आणि तो निश्चिंत मनाने चुकीच्या बाजूला मत देऊन मोकळा होतो. दिल्लीत विमानांबाबत नोंदला गेला तो प्रकार हा दुसरा होता. अधिक धोकादायक तोच.

कान बंद झाल्यावर ड्रोन काय करतो? ते त्याच्या निर्मात्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. काही जागच्या जागी तरंगत राहतात, काही आहेत तेथेच उतरतात, बरेचसे उड्डाण केलेल्या जागी परततात. परतीचा मार्ग शोधायला उपग्रह लागतो. तोही दाबला असेल तर ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जातो. म्हणजे जॅमरने ड्रोन 'पाडला' असे आपण म्हणतो तेव्हा तो कोठे पडेल, हे जॅमर चालविणाऱ्याच्या हाती बव्हंशी नसते. मोकळ्या शेतावर याची चिंता नाही. प्रजासत्ताकदिनी कर्तव्यपथावर लाखाचा समुदाय बसलेला असताना ती मोठी चिंता ठरते.

दोऱ्यापुढे हात टेकले

जॅमरची मर्यादा दिल्लीला दर पंधरा ऑगस्टला दिसते. त्या दिवशी जुन्या दिल्लीच्या गच्च्यांवरून पतंगांनी आकाश भरून जाते आणि लाल किल्ल्याच्या परिसरात पतंग पकडण्यासाठी खास पोलिस नेमावे लागतात. पतंगाला कान नसतात, त्यामुळे त्याला बहिरे करता येत नाही. त्याचा आदेश दोऱ्यातून येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली, तेव्हा शेतकऱ्यांनी प्रत्युत्तरादाखल पतंग उडविले. ड्रोनच्या पंख्यात दोरा अडकवायचा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. त्यावेळी त्याची बातमी गमतीची म्हणून छापली गेली. पण युक्रेनच्या रणभूमीवर त्याच सुमारास पतंगाचेच तत्त्व उलट बाजूने अवतरले होते. केसासारखी बारीक काचतंतूची तार मागे सोडत कित्येक किलोमीटर उडणारे ड्रोन तेथे वापरात आले. त्यांचे आदेश तारेतून जातात, हवेतून नव्हे. त्यांच्यापुढे सगळे जॅमर निरुपयोगी ठरले.

दुसरी मर्यादा स्वयंनिर्णयाची. ज्या ड्रोनला मार्ग आधीच शिकवून ठेवला आहे आणि जो कॅमेऱ्याने जमीन ओळखत जातो, त्याला वाटेत कोणाचे ऐकण्याची गरजच नसते. तिसरी मर्यादा आपल्या सर्वांच्या खिशात आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींतून सोडलेल्या ड्रोनद्वारे रशियाच्या दूरवरच्या हवाई तळांवर हल्ले केले, तेव्हा त्यांच्या नियंत्रणासाठी रशियाचेच भ्रमणध्वनी जाळे वापरले गेल्याचे सांगण्यात आले. असा ड्रोन रोखायचा म्हणजे त्या भागातील नागरिकांचे दूरध्वनीही बंद पाडावे लागतात.

म्हणूनच आज कोणतेही लष्कर एकट्या जॅमरवर विसंबून राहत नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने विकसित केलेली यंत्रणा २०२० च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्याजवळ उभी होती. तीन किलोमीटरपर्यंतचे छोटे ड्रोन हेरून त्यांचे संदेशवहन रोखणे आणि एक ते अडीच किलोमीटरपर्यंत लेसरने ते पाडणे, अशी तिची क्षमता तेव्हा सांगितली गेली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी नौदलाने अशाच यंत्रणेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडशी करार केला. महाराष्ट्राचा वाटाही यात आहे. नागपूरच्या सोलर समूहाने तयार केलेल्या 'भार्गवास्त्र' या छोट्या अग्निबाणांच्या प्रणालीची चाचणी मे २०२५ मध्ये ओडिशातील गोपालपूर येथे झाली. अडीच किलोमीटरपर्यंतच्या ड्रोनच्या थव्यावर मारा करण्याची क्षमता तिच्यासाठी सांगितली गेली. पण सीमेवर अग्निबाण डागणे वेगळे आणि कॅनॉट प्लेसवर डागणे वेगळे. वस्तीच्या डोक्यावर पोलादाचा वर्षाव कोणालाच परवडत नाही. राजधानीसारख्या शहरात, सर्व मर्यादांसह, पहिले हत्यार म्हणून जॅमरच हाती घ्यावा लागतो तो यामुळे.

गरज खरी आहे

ही गरज काल्पनिक नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोटके टाकली गेली आणि दोन जवान जखमी झाले. तेव्हापासून ड्रोन हा विषय लग्नाच्या चित्रीकरणातून गृह मंत्रालयाच्या फायलीत गेला. 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी, ८ आणि ९ मे २०२५ च्या दरम्यानच्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठविल्याचे लष्कराने पत्रकार परिषदेत सांगितले आणि त्यांतील अनेक ड्रोन शस्त्रांनी तसेच बिगरशस्त्र उपायांनी निष्प्रभ केल्याचेही नमूद केले. 'बिगरशस्त्र उपाय' या सौम्य शब्दामागे मुख्यत्वे जॅमर आहेत. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस या कारवाईवर संसदेच्या दोन्ही सभागृहांत प्रदीर्घ चर्चा झाली. तिचा भर युद्धविराम कोणाच्या सांगण्यावरून झाला, या वादावर होता. तोही महत्त्वाचा प्रश्न खराच. पण त्या रात्रींनी आकाशाच्या व्यवस्थापनाचा जो धडा दिला, तो प्रशासनाच्या दृष्टीने अधिक टिकाऊ होता.

दिल्लीची अडचण अशी की येथे सुरक्षेची आणि नागरी वाहतुकीची वर्तुळे एकमेकांत अडकलेली आहेत. २०१८ च्या नियमावलीने विजय चौकापासून पाच किलोमीटरच्या परिघात ड्रोनला मज्जाव केला होता. कस्तुरबा गांधी मार्ग आणि कोपर्निकस मार्गावरील दोन्ही महाराष्ट्र सदने, पहाडगंजमधील बृहन्महाराष्ट्र भवन आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्याच्या मंडपात ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते तालकटोरा मैदान, हे सारे त्या वर्तुळात येते. नैऋत्येला देशातील सर्वांत व्यग्र विमानतळ, पूर्वेला हिंडनचा हवाई दल तळ व तेथूनच होणारी नागरी उड्डाणे, मध्यभागी सफदरजंग. १० क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने पश्चिमेकडून येतात. द्वारकेत राहणाऱ्यांना त्यांचा आवाज घड्याळासारखा पाठ झालेला असतो. या गर्दीत एखाद्याने चुकीच्या दिशेला, चुकीच्या शक्तीने जॅमर रोखला, तर त्याचा परिणाम ड्रोनपाशी थांबेलच असे नाही.

शत्रू-मित्र न ओळखणारे शस्त्र

जॅमरचा हा मूलभूत दोष आहे. त्याच्या गोंगाटाला शत्रू-मित्र कळत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या ज्या पट्ट्यात ड्रोन बोलतो, त्याच पट्ट्यात घरातले वायफाय आणि कानातले ब्लूटूथ बोलते. ज्या उपग्रहावर ड्रोन विसंबतो, त्याच उपग्रहावर प्रवासी विमान, रुग्णवाहिका आणि टॅक्सी विसंबतात. भ्रमणध्वनी मनोऱ्यांचे आणि वीज वितरणाचे कालमापनही बऱ्याच अंशी उपग्रहांच्या घड्याळावरच चालते.

याची सर्वांत दारुण आठवण परदेशातील आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी बाकूहून ग्रोझ्नीला निघालेले अझरबैजान एअरलाइन्सचे प्रवासी विमान ग्रोझ्नीजवळ पोहोचले, तेव्हा तेथे युक्रेनी ड्रोनविरुद्ध रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा कार्यरत होती. विमानाची उपग्रहाधारित दिशादर्शन यंत्रणा निकामी झाली, पुढे त्याला बाहेरून मार बसला आणि ते कझाकस्तानातील अक्ताऊजवळ कोसळले. ६७ पैकी ३८ जण मृत्युमुखी पडले. जवळच स्फोट झालेली क्षेपणास्त्रे रशियाची होती, हे रशियाच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य केले. ड्रोनविरोधी लढाई आणि नागरी उड्डाण एकाच आकाशात, एकमेकांना न सांगता चालले की काय होते, याचा हा धडा आहे.

भारतातील चित्र सुदैवाने तितके भीषण नाही. वैमानिकांना प्रशिक्षण असते, जमिनीवरील जुनी उपकरणे पर्याय म्हणून राखलेली असतात आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ पासून अशा घटनांची नोंद बंधनकारक केली आहे. तरीही नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मू परिसरात, ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. सीमापार ड्रोनचा उपद्रव सर्वाधिक आहे तो याच पट्ट्यात. हा व्यत्यय कोणत्या बाजूच्या यंत्राने किती निर्माण केला, हे आकडा सांगत नाही. पण आकाशातील गोंगाट आता सीमेपुरता उरलेला नाही, एवढे दिल्लीच्या घटनेने दाखवून दिले. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये ज्या खात्याचे राज्यमंत्री झाले, तेच हे नागरी विमान वाहतूक खाते. त्यामुळे महाराष्ट्राने या विषयाकडे परक्याचा म्हणून पाहण्याचे कारण नाही.

'मातोश्री'च्या ड्रोनची बातमीही येथे पुन्हा आठवावी. परवाना एका सरकारी यंत्रणेने दिला, उड्डाण दुसऱ्या यंत्रणेसाठी झाले आणि ज्यांच्या घराशेजारी ते झाले त्यांना पत्ता नव्हता. त्या दिवशी कोणा उत्साही रक्षकाने जॅमर रोखला असता, तर सरकारी कामाचे यंत्र भर वस्तीत कोठेतरी उतरले वा आदळले असते आणि कायद्याने दोष कोणाचा, यावर चार खात्यांची पत्रापत्री चालली असती. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील गावांनी रात्री दिसणाऱ्या ड्रोनच्या धास्तीने जागून काढलेल्या रात्रीही याच माहितीच्या अभावातून आल्या. ज्या आकाशाबद्दल शासन काही सांगत नाही, ते आकाश अफवा भरून काढतात.

कायद्यातील मोकळी जागा

कायदा काय म्हणतो? खासगी व्यक्तीला वा संस्थेला जॅमर विकत घेण्याचा किंवा वापरण्याचा अधिकार नाही, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीर सूचनेद्वारे स्पष्ट केले आहे. जीपीएस रोखणारी उपकरणेही त्यात आली. केंद्र सरकारच्या खास परवानगीविना वापर बेकायदा. शिकवणी वर्ग, गृहनिर्माण संस्था वा लग्नसमारंभाच्या आयोजकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. ड्रोन उडविणाऱ्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. त्यांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आणि लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाकारले. सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा अभिप्रायांसाठी प्रसिद्ध झाला. त्याचाही रोख नोंदणी, प्रमाणपत्र, विमा आणि शिक्षा, म्हणजे उडविणाऱ्यावरच होता. पाडणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या उपद्रवी ड्रोनविरोधी मार्गदर्शक सूचना आहेत आणि मंत्रिमंडळ सचिवालयाचे जॅमरविषयक धोरण आहे. सूचना आणि धोरण, कायदा नव्हे.

या संदर्भात डिसेंबर २०२३ ची आठवण टाळता येत नाही. १३ तारखेला, २००१ च्या संसद हल्ल्याच्या स्मृतिदिनी, दोन तरुणांनी प्रेक्षक कक्षातून लोकसभेत उडी मारून पिवळा धूर सोडला. गृहमंत्र्यांनी निवेदन करावे ही विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, गोंधळ झाला आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. अशा रिकाम्या बाकांसमोर २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ डिसेंबरला राज्यसभेने दूरसंचार विधेयक संमत केले. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची जागा घेणारे हे विधेयक. देशाच्या आकाशातील प्रत्येक संदेशावर शासनाचा अधिकार कोठवर, हे ठरविणारा शतकातला मोठा कायदा संसदेच्या सुरक्षेवरून झालेल्या भांडणामुळे अर्ध्या संसदेने पाहिलाच नाही.

त्या कायद्यात अनुकरण करावे असेही काही आहे. इंटरनेट वा दूरध्वनी सेवा तात्पुरती बंद करायची तर आदेश लेखी असावा लागतो, त्यात कारणे द्यावी लागतात, त्याची मुदत १५ दिवसांहून अधिक असत नाही आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे जातो. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनी हे कायम केले. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन खटल्यातील निकाल आहे. तारेतून वा मनोऱ्यातून जाणारा संदेश थांबविण्यास एवढी शिस्त असेल, तर हवेतला संदेश गोंगाटाने बुडविण्यास तशी का नसावी?

अर्थात ड्रोन समोर घोंगावत असताना समितीची बैठक बोलावता येणार नाही, हे कोणीही मान्य करील. निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो आणि तो जागेवरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा. मागणी त्याचे हात बांधण्याची नाही. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. जॅमर कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणत्या पट्ट्यावर आणि किती शक्तीने चालविला, याची नोंद यंत्रातच आपोआप व्हावी. पूर्वनियोजित बंदोबस्तात विमानतळ नियंत्रण कक्षाला आधी आणि आकस्मिक वापरात तत्काळ कळविणे बंधनकारक असावे. आणि वर्षातून एकदा या वापराचा अहवाल संसदेच्या संबंधित स्थायी समितीपुढे, गरज पडल्यास गोपनीय स्वरूपात, ठेवला जावा. यामुळे सुरक्षेला बाधा येत नाही. उलट विमानतळावर पुन्हा खोटे संकेत आले, तर ते आपल्याच कोणा यंत्राचे नाहीत, हे शासनाला पहिल्या तासातच छातीठोकपणे सांगता येईल. मग स्रोताचा शोध शत्रूच्या वा गुन्हेगाराच्या दिशेने सरळ जाईल. आज तो आधी आपल्याच खात्यांच्या दारांवरून फिरून जातो.

हा लेख वाचणाऱ्यांत नॉर्थ ब्लॉक, राजीव गांधी भवन आणि संचार भवनात उमेदीची वर्षे घालविलेले अनेक मराठी अधिकारी असतील. फायलीवर कोणाची सही नाही आणि तरीही काम झालेले आहे, अशी अवस्था प्रशासनात किती धोकादायक असते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. गोंगाट हे शस्त्र म्हणून आवश्यक झाले आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. पण संसदेतल्या गोंगाटालाही एक शिस्त आहे. कोण उठले, किती वाजता कामकाज थांबले, हे सारे इतिवृत्तात उतरते आणि पन्नास वर्षांनीही वाचता येते. राजधानीच्या आकाशातल्या गोंगाटाचे इतिवृत्त कोणी लिहायचे, हे संसदेने ठरवायचे आहे. ते तिने सगळी बाकें भरलेली असताना ठरवावे.